रोझामंडच्या पोटात उतरलेला माणूस

ताज्या ऑइलपेंटचा वास आला की मला अजूनही मळमळतं. पूर्वी असं नव्हतं. वसईला आमच्या आळीत नाताळच्या आधी घराघरांतून तो वास यायचा, आणि मला तो आवडायचाही. बहरीनला आल्यावर, गजभिये सरांबरोबर कामाला लागल्यावर तो नावडता झाला. रंग दिसला की त्याच्या खाली काय असेल असा विचार करायची सवय त्यांनी मला लावली, आणि ते स्वतः निघून गेले तरी ती सवय गेलेली नाही.

गजभिये सर जहाजांचे सर्व्हेअर होते. जहाज विम्याला, विक्रीला किंवा दुरुस्तीला निघालं की ते आतून-बाहेरून तपासून दाखला द्यायचा, हे त्यांचं काम. माणूस मूळचा नागपूरचा. नागपूर आणि जहाज यांचा संबंध काय, असं नवीन माणूस हमखास विचारायचा. ते म्हणायचे, "माहा बाप रेल्वेच्या बॉयलरात उतरून साफ करे. लोखंडाच्या पोटात शिरनं आमच्या घरचंच काम हाय. बॉयलर काय अन् जहाज काय." एवढं सांगून विषय बंद. पन्नाशी उलटलेली, अंगाने सुके, मान थोडी पुढे काढून चालायचे. बहरीनच्या जुफैर भागात एका उंच इमारतीत एकटेच राहायचे. बायको वारलेली, मुलगी नागपुरात वकील. मी त्यांच्या रिपोर्टांची जुळवाजुळव करायचे, त्यांच्याबरोबर यार्डात जाऊन फोटो काढायचे. ते मला सिसिलियाबाई म्हणायचे. मी त्यांच्या मुलीहून थोडीच मोठी होते, पण बाई ते बाईच.

आमचं ऑफिस अदलिया भागात, एका जुन्या दुमजली व्हिलात. खाली कॉफी शॉप, वर आम्ही. गजभिये सरांना किळस म्हणून येतच नाही, असं ऑफिसात सगळे म्हणायचे. त्यात तथ्य होतं. जहाजाच्या तळाशी जे पाणी साचतं, त्यात डिझेल असतं, सडलेले मासे असतात, उंदीर असतात, आणि खलाशांनी काय काय सोडलेलं असतं ते सांगवत नाही. त्या पाण्यात इतर सर्व्हेअर टॉर्च मारायचे आणि वरूनच लिहायचे. सर बाही वर सारून हात घालायचे. खांद्यापर्यंत. चाचपून बघायचे, हात बाहेर काढायचे, बोटं नाकाशी न्यायचे आणि मला सांगायचे, "लिहा."

पण त्यांना किळस यायची. भयंकर यायची. फक्त ती कशाची येते हे लोकांच्या लक्षात येत नसे. टॅक्सीत आरशाला लटकवलेली सुगंधी बाटली दिसली की ते काच खाली करायचे, बाहेर कितीही ऊन असो. ऑफिसच्या ग्रुपवर सकाळी सकाळी सुविचार आला की फोन पालथा ठेवायचे. कुणी मॅनेजरच्या फुटकळ विनोदावर मोठ्याने हसलं की सर उठून पाणी प्यायला जायचे. आणि मग एकच शब्द, तोंडातल्या तोंडात: "घाण." प्लास्टिकच्या फुलांना घाण. बँकेतल्या गोड बोलणाऱ्या मुलीला नव्हे, तिला जे गोड बोलायला लावतात त्यांना घाण. एका सहकाऱ्याच्या घरच्या जेवणाला ते गेले नाहीत, कारण त्याने ऑफिसातल्या एका भाषणात मॅनेजरना बापाच्या जागी मानलं होतं. मला ते फार झालं असं वाटलं होतं. त्या माणसाला दोन मुलं होती, बढतीची आशा होती. मी तसं सरांना म्हटलंही. ते म्हणाले, "मलेही मुलगी हाय, बाई." बस्स. त्यांच्याशी बोलणं सोपं नव्हतं.

मॅनेजर म्हणजे प्रधान साहेब. दादरचे, गोरे, नेहमी हलकं अत्तर लावलेले, बोलायला मऊ. एकदा सर यार्डातून थेट जेवायच्या सुट्टीत आले. दोनदा साबण लावून हात धुतले होते, तरी नखांत काळं राहिलं होतं. आम्ही पाच-सहा जण टेबलाशी होतो. सरांनी डबा उघडला. वरण-भात आणि मिरचीचा ठेचा. प्रधान साहेबांनी हसत हसत काहीतरी बोलता बोलता आपली खुर्ची मागे घेतली. वीतभर. आणि आपला डबा स्वतःकडे ओढला. बाकी कुणाच्या ध्यानातही आलं नसेल. सर जेवत राहिले.

संध्याकाळी गाडीत ते आपणहून बोलले, जे क्वचित घडायचं. "दुसऱ्याच्या डोळ्यातली किळस मले लगेच दिसते, बाई. लहानपनापासून पाह्यलेली हाय. शाळेत पानी वरून ओतून देत. मुंबईत पयल्या नोकरीत माहा कप खिडकीत येगळा ठेवत. तोंडानं सारे गोड. डोळ्यात थे दिसे."

"पण प्रधान साहेब ग्रीजमुळे मागे झाले असतील, सर," मी म्हटलं.

"असतीन," ते म्हणाले. "ग्रीजच असन."

मग जुफैर येईपर्यंत ते नखांतलं काळं काढत राहिले.

रोझामंडची फाईल आमच्याकडे आली ती त्यानंतर. रोझामंड म्हणजे शिडांचं जहाज, दोन डोलकाठ्यांची स्कूनर. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या एका उमरावाने शर्यतीसाठी म्हणून बांधून घेतली होती. मालवाहू नव्हे, प्रवासी नव्हे, निव्वळ शर्यतीसाठी. लांबलचक, काळी, सुरीसारखी. जुनी छायाचित्रं होती. शिडं फुगलेली, जहाज एका कुशीवर इतकं कललेलं की डेकवरची माणसं भिंतीवर उभी असल्यासारखी दिसायची. तिने कप जिंकले, अटलांटिक ओलांडला, राजेरजवाड्यांना फिरवलं. मग नवी, हलकी जहाजं आली आणि तिला कुणी विचारेना. मोत्यांच्या एका युरोपियन व्यापाऱ्याने ती विकत घेऊन आखातात आणली. मोत्यांचा धंदा बसला. तिच्या डोलकाठ्या कापल्या, इंजिन बसवलं, तिच्यातून खजूर वाहिले, मग सिमेंट, मग बकऱ्या. इंजिन बिघडल्यावर नुसती डिझेल साठवायची टाकी म्हणून वापरली. शेवटी सित्रा बेटाच्या बाजूला खाडीच्या चिखलात ती पडून राहिली आणि तिच्यावर कुणीतरी कोंबड्या पाळल्या.

आता हॉलिस नावाच्या एका इंग्रजाने ती उचलली होती. तिचं तरंगतं रेस्टॉरंट करायचं होतं. दीडशे माणसं बसतील असं. त्यासाठी दाखला हवा होता, आणि तो गजभिये सरांनी द्यायचा होता.

पहिल्या दिवशी आम्ही यार्डात गेलो तेव्हा हॉलिसने आम्हाला एक गुळगुळीत पुस्तिका दिली. रोझामंडची कहाणी. सर ती लाकडाच्या ओंडक्यावर बसून शेवटपर्यंत वाचत राहिले. मग त्यांनी हॉलिसला जुनं पुस्तक मागितलं, ज्यावरून ही पुस्तिका केली होती. यॉट क्लबांच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक. हॉलिसच्या केबिनमध्ये शोभेसाठी ठेवलेलं. सरांनी तेही तिथेच बसून वाचलं. हॉलिसला वाटलं, माणसाला रस आहे. तो खूश झाला.

अटलांटिकच्या शर्यतीत वारा पडला होता, असं त्या पुस्तकात होतं. जहाज हलकं करायला मालकाने सामान समुद्रात फेकायला लावलं. आधी फर्निचर नव्हे. त्याचं फर्निचर राहिलं, पियानोसुद्धा राहिला. फेकल्या त्या खलाशांच्या पेट्या आणि अंथरुणं. पुढचे सगळे दिवस ते ओल्या फळ्यांवर झोपले. एकजण न्यूमोनियाने गेला. कप मिळाल्यावर प्रत्येकाला जहाजाचं नाव विणलेला एक एक सदरा मिळाला. मेलेल्याचा सदरा त्याच्या बायकोला पाठवला. पुस्तिकेत यातलं एकच वाक्य आलं होतं: खलाशांनी आपलं सर्वस्व आनंदाने अर्पण केलं आणि रोझामंड उडाली.

सर हॉलिसजवळ गेले. त्यांचं इंग्रजी खडबडीत होतं, पण त्यात घोटाळा नसायचा. त्यांनी विचारलं, "आनंदाने, हे कुठे लिहिलंय?"

हॉलिस हसला. "मिस्टर गजभिये, लोक जेवायला येणार आहेत. त्यांना जरा गोष्ट हवी असते."

"पियानो राहिला, हे लिहा मग. ती पण गोष्टच आहे."

हॉलिसने माझ्याकडे बघून खांदे उडवले. सर बाहेर आले, पुस्तिका गाडीच्या मागच्या सीटवर टाकली आणि म्हणाले, "घाण." त्या दिवशी तो शब्द मला पहिल्यांदा नीट पटला.

यार्डात लाकूडकाम बघत होते ते हाजी खलील. मुहर्रकचे जुने होडी बांधणारे, म्हातारे, एका डोळ्याने अधू. त्यांच्याशी सरांची सुरुवात वाईट झाली, आणि चूक सरांची होती. जहाजाच्या बाहेरच्या सागवानी फळ्यांवर ठिकठिकाणी नवीन पुट्टी भरलेली दिसली. सरांनी नखाने खरवडलं आणि सगळ्या कामगारांसमोर खलीलना झापलं. कुजलेलं लाकूड लपवतोस, लाज वाटत नाही, वगैरे. हिंदीत, कारण तिथे सगळ्यांना हिंदी कळायचं. खलील उठले. त्यांनी पटाशी आणली आणि पुट्टी सगळी काढून दाखवली. एकेक भोक. खाली लाकूड ठणठणीत होतं. ती जुन्या खिळ्यांची भोकं होती, आणि ती तशीच बुजवायची असतात. सर बघत राहिले. मग वळून गाडीकडे आले. मला वाटलं, आता हा विषय ते गिळून टाकतील. मोठी माणसं गिळतात.

पुढच्या खेपेला ते यार्डात शिरले ते थेट कामगार जिथे चहा पीत बसले होते तिथे. खलील तिथेच होते. सर उभे राहिले आणि मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाले, "हाजी, अना गलतान." मी चुकलो. मग हिंदीत सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "उस दिन मैंने सबके सामने बोला था, इसलिए आज भी सबके सामने बोलता हूं. काम इनका साफ है. मेरी नजर में घाण थी." हिंदी बोलतानाही तो एक शब्द मराठीच आला. कामगार चहाचे कप हातात तसेच धरून बसले होते. खलील म्हणाले, "खलास, खलास," म्हणजे झालं ते संपलं, आणि बाजूला सरकून बाकावर जागा करून दिली. घट्ट दुधाचा करक चहा आला, खजूर आले.

आणि चहा पिता पिता खलीलनी आपणहून सांगितलं की लाकडाची काळजी करू नका, लाकूड अजून शंभर वर्षं जाईल. खाली बघा. एका शुक्रवारी खलील सुट्टीवर असताना हॉलिसच्या माणसांनी तळात सिमेंट ओतलं होतं.

रोझामंडचं लाकूड बाहेरून होतं, पण आतला सांगाडा लोखंडी होता. लोखंडाच्या बरगड्या, त्यांना बोल्टांनी जखडलेल्या सागवानी फळ्या. आम्ही तळात उतरलो. खाली डिझेल, त्यावर कोंबड्यांच्या विष्ठेचा थर, त्यावर सिमेंट आणि ताजा पांढरा रंग. हे तीन वास एकत्र होऊन घशात बसायचे. मी तोंडावर ओढणी धरली. सर गुडघ्यांवर बसले आणि हातोडीने ठोकत ठोकत पुढे सरकले. लोखंड ठणकतं. इथे आवाज बद्द येत होता. एका कोपऱ्यात सिमेंट नीट चिकटलं नव्हतं. सरांनी तिथे हातोडी घातली, कपचा निघाला, आणि आत हात घालून त्यांनी बाहेर काढलं ते लोखंड नव्हतं. तपकिरी पापुद्रे होते. मुठीत दाबले की भुगा. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. ओला, गरम, आणि त्याला रक्तासारखा वास.

"फोटो काढा," ते म्हणाले. "ही बरगडी होती."

त्यांनी लिहिलं की सगळं सिमेंट फोडून सांगाडा बघितल्याशिवाय या जहाजावर एकही माणूस चढवू नये. हॉलिसची आमंत्रणं निघाली होती. सिमेंट फोडायचं म्हणजे वर केलेलं सगळं काम उखडायचं. प्रधान साहेबांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. रिपोर्ट मी केला होता म्हणून मलाही. एसी चालू होता, त्यांच्या अत्तराचा वास होता.

"गजभिये, तुमचा अभ्यास मी मानतो," प्रधान साहेब म्हणाले. "पण ते जहाज कुठे अटलांटिक ओलांडणार आहे? उभं राहील, लोक जेवतील, जातील. थोडं मोघम लिहा. 'देखरेखीखाली वापरास योग्य.' कुणाचं काय बिघडतं?"

"बुडन थे," सर म्हणाले.

"कशावरून?"

"सांगाडा नाही त्याले. फळ्या सिमेंटले टेकून उभ्या हायेत. वर दीडशे मानसं चढली, हलली, की फळ्या सुटतीन."

प्रधान साहेब खुर्चीत मागे रेलले. आवाज अजूनही मऊच होता. "खरं सांगू का, राग मानू नका. तुम्हा लोकांना ना, कुठे थांबायचं ते कळत नाही. मिळालंय, चांगलं मिळालंय, तर जरा..."

वाक्य तिथेच राहिलं. सर त्यांच्याकडे बघत होते. रागाने नव्हे. एखादी वस्तू तपासावी तसे.

"कोन्त्या लोकायले, साहेब?"

"अहो, म्हणजे सर्व्हेअर लोकांना. टेक्निकल माणसांना."

"अस्सं," सर म्हणाले आणि उठले. दारात थांबून त्यांनी मला सांगितलं, "बाई, रिपोर्ट हाय तसाच जाईन."

प्रधान साहेबांनी माझ्याकडे बघून स्मित केलं, जणू आम्ही दोघं एका बाजूचे आहोत.

रिपोर्ट गेला नाही. फाईल सरांकडून काढून घेतली. बाहेरच्या देशातून दुसरा सर्व्हेअर बोलावला. तो एका दुपारी आला, डेकवर फिरला, हॉलिसबरोबर जेवला आणि सही करून गेला. महिनाअखेरीस सरांना पत्र मिळालं की त्यांचं काँट्रॅक्ट वाढवलं जाणार नाही. काँट्रॅक्ट नाही म्हणजे व्हिसा नाही. ऑफिसात कुणी त्यांच्याशी वाईट वागलं नाही. कुणी वागलंच नाही. ते पँट्रीत आले की बोलणं थांबायचं, एवढंच.

सर फोटो घेऊन स्वतः बंदराच्या कार्यालयात गेले. गाडी मी चालवत होते. तिथल्या अधिकाऱ्याने शांतपणे सगळं ऐकलं, फोटो दोनदा बघितले. दुसऱ्याची सही झाली होती, त्यामुळे परवानगी अडवणं त्याच्या हातात नव्हतं. पण जहाज खोल पाण्यात न्यायचं नाही, यार्डाजवळच्या उथळ धक्क्याला बांधूनच ठेवायचं, एवढा हुकूम त्याने दिला. हॉलिसला त्याचं काही वाटलं नाही. सरांना मात्र थोडं हायसं वाटलं. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "चला. बुडन तं चिखलात बुडन."

उद्घाटनाला सर सोडून ऑफिसातल्या सगळ्यांना बोलावणं होतं. दुपार उतरली होती. डेकवर लाल गालिचे, पितळी दिवे, बर्फात मांडलेली कोळंबी आणि खेकडे. रंग अजून पुरता वाळला नव्हता. त्या वासात अत्तरांचे वास, तळणाचा वास. आणि खालून, जिन्यातून, कोंबड्यांचा. मला वाटलं तो मलाच येतोय. एका बाईने वेटरला विचारलं, कसला वास आहे, तेव्हा तो म्हणाला, "समुद्राचा, मॅडम." हॉलिसने भाषण केलं. त्यात ते वाक्य आलं. सर्वस्व, आनंदाने. टाळ्या वाजल्या. प्रधान साहेबांनी पण वाजवल्या. त्यांच्या एका हातात प्लेट होती म्हणून त्यांनी मनगटावर वाजवल्या.

आधी कुणाला कळलं नाही. आवाज असा झालाच नाही, नुसती पायाखाली एक ढिली हालचाल, खाटेची दोरी सुटावी तशी. मग खालच्या दालनातून लोक वर येऊ लागले, हसत हसत, बूट ओले झाले म्हणत. मग हसू थांबलं. गालिचा जिन्यापाशी फुगला आणि त्याच्या कडेने काळं पाणी वर आलं. कित्येक वर्षांचं डिझेल, विष्ठा, भुगा झालेलं लोखंड, सगळं त्यात. तो वास मी लिहू शकत नाही. लोक ओकत होते. जहाज एका कुशीवर कललं आणि बर्फावरची कोळंबी घसरत येऊन त्या काळ्यात पडली. धक्क्यावर उतरायच्या फळीवर चेंगराचेंगरी. एक गृहस्थ बायकोला मागे सारून उतरले. मी पाहिलं. प्रधान साहेबांनी धक्क्यावर आमची माणसं मोजली. "आपले सगळे आहेत ना? चला, गाड्या काढा."

रोझामंड चिखलात टेकली आणि तशीच तिरकी थांबली. लोक फोन काढून चित्रण करू लागले.

गजभिये सर शेजारीच हाजी खलीलच्या शेडमध्ये होते. आमंत्रण त्यांना नव्हतं. ते आणि खलील धावत आले. सरांनी केटरिंगच्या माणसाला धरलं, "नीचे बर्तनवाले थे ना? कहां हैं?" तो म्हणाला, वर आले असतील. "किसने देखा?" कुणीच नव्हतं बघितलं. भांडी घासायची जागा मागच्या बाजूला, तळाच्या मजल्यावर होती. जहाज पिळलं होतं, म्हणजे दार अडकलं असणार. सरांनी हे सगळं कुणाला समजावत बसण्याचं टाळलं. बूट काढले, खलीलकडून पहार घेतली आणि फळीवरून आत गेले. त्यांच्यामागे खलील, त्या वयात.

किती वेळ गेला मला माहीत नाही. लाकडावर पहारीचे घाव ऐकू येत होते. हॉलिस कुणाला तरी फोनवर विम्याबद्दल सांगत होता. मग घाव थांबले, आणि ते जास्त भयंकर होतं.

चौघं बाहेर आले. पुढे खलील, त्यांच्या खांद्याला धरून एक, मग सर आणि त्यांच्या पाठीवर दुसरा. रफीक आणि मोमिन, दोघंही बांगलादेशी, भांडी घासणारे. गळ्यापर्यंत पाण्यात दाराला टेकून उभे होते. चौघंही डोक्यापासून पायापर्यंत काळे, फक्त डोळे दिसत होते. सरांचा उजवा तळहात फाटला होता, त्यातून येणारं रक्तही काळ्यात मिसळून काळंच दिसत होतं. गर्दीने वाट दिली. वाट दिली म्हणजे मागे सरली, नाकाला टिश्यू लावून. पांढऱ्या सूटमधला एकजण चित्रण करता करता म्हणाला, "जरा लांब ठेवा त्यांना, अजून लोक उभे आहेत इथे."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. या वेळी त्यांनी तो शब्द उच्चारला नाही. मी उच्चारला. मोठ्याने, मराठीत, त्याच्या तोंडावर. त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्याने फोन खाली केला. बुफेच्या टेबलाखाली पाण्याच्या बाटल्यांचे खोके होते. मी ते ओढत आणले आणि आम्ही रफीक-मोमिनची तोंडं धुतली. मोमिन सारखा विचारत होता की फुटलेल्या प्लेटा पगारातून कापतील का.

पुढे जे व्हायचं तेच झालं. जुनं जहाज, जुनाट लाकूड, अनपेक्षित घटना, असं ठरलं. लाकडाला दोष देण्यात आला. एवढं एकच तिच्यात शाबूत होतं. प्रधान साहेबांनी ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं की संकटाच्या वेळी आपल्या टीमने दाखवलेल्या धैर्याचा अभिमान वाटतो, आणि खाली चाळीस जणांनी हात जोडले. सरांना कुणी थांबा म्हटलं नाही. रोझामंड धक्क्यावरच फोडली. तिचा सागवान आता अदलियातल्या दोन रेस्टॉरंटांमध्ये टेबलं म्हणून आहे, वर काच लावलेली. मी तिथे जात नाही. ती नोकरीही मी सोडली.

सर गेले त्या दिवशी मी त्यांना विमानतळावर सोडायला गेले. नको म्हणाले होते, तरी गेले. दोन बॅगा, हाताला पट्टी. निघायच्या दाराशी रफीक आणि मोमिन उभे होते, केटरिंगच्या युनिफॉर्मवर, कामाच्या मधल्या सुट्टीत आलेले. एका प्लास्टिकच्या पिशवीत संत्री होती. नागपूरच्या माणसाला संत्री. सर त्यांच्यावर वैतागले. "ड्यूटी छोड के क्यूं आए? साहेब काटेगा पैसा."

मोमिनने पिशवी सरांच्या बॅगांशेजारी ठेवली. तो एकदम वाकला आणि त्याने सरांचे पाय धरले. सर असे मागे सरले की बॅग आडवी पडली. इतक्या दिवसांत, त्या काळ्या पाण्यातसुद्धा, त्यांच्या चेहऱ्यावर मी असला शहारा पाहिला नव्हता.

"नाही. थे नाही," ते म्हणाले, मराठीतच. मग वाकून त्यांनी मोमिनला दोन्ही दंडांना धरून उठवलं. "कोनाचेच पाय धरायचे नाही. समझा? किसी का नहीं. सीधा खडा रह." आणि पट्टी बांधलेलाच हात पुढे केला. मोमिनला कळेना, तो हात कसा धरायचा. त्याने तो दोन्ही हातांत घेतला. मग रफीकने. माझ्याकडे वळून सर म्हणाले, "येतो, बाई," आणि बॅगा, पिशवी घेऊन आत गेले.

काचेपलीकडे रांग लांब होती. ते तीत पुढे सरकत होते, मान थोडी पुढे, पिशवी छातीशी. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पण त्यांची पाठ कोपऱ्याआड जाईपर्यंत ती दोघं पोरं माझ्या शेजारी हात खाली सोडून ताठ उभी होती.